कांदा ‘गुलाबी’ म्हणजे नेमका किती? स्वतः शिवलेल्या वहीत स्वयंपाक चितारायची सविस्तर पद्धत

पाककृतींमध्ये एक वाक्य हमखास भेटतं : ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता.’ मी स्वतःचं स्वतः रांधायला लागले तेव्हा पहिली अडले ती इथेच. माझ्यापुढचा कांदा लाल सालीचा, म्हणजे कढईत पडण्याआधीपासूनच गुलाबी. मग थांबायचं कुठे? शेवटी रंगाची पेटी स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली, दर पाच मिनिटांनी कढईतली एक फोड पांढऱ्या बशीत काढली आणि दिसला तो रंग कागदावर उतरवला. दहा चौकोनांची ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. एका टोकाला तेलाचा डाग आहे, पण कांदा परतताना मी आजही तीच बघते.

चित्रं काढायची, काहीतरी रांधायचं आणि हाताने काही बनवायचं, हे तीन नाद एकाच माणसाला असले की शिकण्याच्या वयात वेळेची ओढाताण होते. प्रत्येकाला वेगळा वेळ द्यायला गेलात तर तिन्ही सुट्टीच्या दिवसापर्यंत ढकलले जातात. माझा तोडगा साधा आहे : तिघांना एका वहीत बसवायचं. वही स्वतः शिवायची, जे शिजवाल ते तिच्यात बघून काढायचं आणि पुढच्या वेळी त्या चित्रावरून शिजवायचं. वही देखणी झाली नाही तरी चालेल, तिच्यावरून पदार्थ करता आला पाहिजे. ही एक अट धरली की काय काढायचं आणि काय सोडायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी कागद

सामान थोडंच लागतं. १२० ते १३० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड) ए४ आकाराचे सहा कागद, वहीच्या पुठ्ठ्यासाठी २५० जीएसएमच्या आसपासचं एक कार्डशीट, जाड सुती किंवा लिननचा दोरा, सुई, टोचा किंवा दाभण, धातूची पट्टी आणि कटर. टोचा नसेल तर जाड सुईचं नेढं बाटलीच्या बुचात खुपसा, मूठ तयार. घडी दाबायला बाइंडर लोक हाडाची किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी वापरतात. स्टीलच्या चमच्याची पाठही तेच काम करते, फक्त चमचा आणि कागद यांच्यामध्ये एक रद्दी कागद धरा, नाहीतर घडीवर चकचकीत ओरखडा राहतो.

झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर पेन चालतं, पाणी चालत नाही, कागद लगेच लाटांसारखा उठतो. उलट ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद पाणी मजेत पितो, पण सहा कागद एकात एक घालून दुमडले की वही मिटतच नाही. १२० ते १३० हा मधला मार्ग. हलका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, सोसतो आणि घडीही धरतो. पाण्याने थोडा वाकेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि मी दोन पुठ्ठे वाया घालवून शिकले. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर घातली तर कागद गुमान दुमडतो. आडवी घातली तर घडीवर तंतू मोडतात, जाड कार्डशीट चक्क तडकतं आणि वही कायम अर्धवट उघडी राहते. ग्रेन ओळखायला कागद न मोडता हलकेच वाकवा, एकदा लांबीकडून, एकदा रुंदीकडून. ज्या बाजूने कमी जोर लागतो, ती वाक ग्रेनला समांतर. खात्री नसेल तर कोपऱ्याचा छोटा चौकोन कापून त्याची एक बाजू ओली करा. तो वळून नळी होऊ लागेल. त्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा.

तयार ए४ कागदाचा ग्रेन बऱ्याचदा लांबीच्या दिशेने असतो आणि आपण तर तो रुंदीच्या रेषेवर दुमडून ए५ करणार, म्हणजे नेमकं उलटं. आतल्या पानांना ते निभावतं. पुठ्ठ्याला निभावत नाही, म्हणून कार्डशीट मोठं घ्या आणि ग्रेन तपासून, शिवणीला समांतर येईल असं कापा.

वही शिवताना

सहाही कागद एकेक करून मधोमध दुमडा. सगळे एकत्र धरून दुमडायचा मोह होतो, पण मग बाहेरच्या कागदाची घडी गोल येते. दुमडून झाले की एकात एक घाला. सहा कागदांची २४ पानं झाली. अशा एका जुडीला छपाईवाले फर्मा म्हणतात. आपली वही एकाच फर्म्याची. पुठ्ठ्याची घडी घालण्याआधी पट्टी लावून त्या रेषेवर चमच्याच्या मागच्या टोकाने दाबून एक चर पाडून घ्या, मग तो सरळ वळतो.

छिद्रं पाच पाडायची. ए५ वहीच्या घडीची लांबी २१० मिमी. एका कागदाच्या चिठोऱ्यावर २०, ६२.५, १०५, १४७.५ आणि १९० मिमीवर खुणा करा, चिठोरी आतल्या घडीत बसवा आणि फर्मा पुठ्ठ्यासकट अर्धवट उघडा धरून आतून बाहेर टोचा. टोचा अगदी घडीच्या रेषेतूनच बाहेर पडला पाहिजे. मिलिमीटरभर जरी बाजूला सरकला तरी बाहेरून ते वाकडं दात असल्यासारखं दिसतं. छिद्र सुईच्या जाडीएवढंच ठेवा.

दोरा वहीच्या उंचीच्या अडीच पट, म्हणजे साधारण ५३ सेंमी. मेणबत्तीच्या किंवा मधमाशांच्या मेणावरून दोनतीनदा ओढून घ्या. मेणामुळे दोरा गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. छिद्रांना वरून खाली १ ते ५ असे आकडे द्या आणि असं चला :

१. आतून ३ मधून बाहेर या. आत १० सेंमी शेपूट सोडा.
२. बाहेरून २ मधून आत जा.
३. आतून १ मधून बाहेर या.
४. बाहेरून परत २ मधून आत.
५. आतल्या आत ३ ला ओलांडून ४ वर जा आणि बाहेर या. हा आतला लांब टाका.
६. बाहेरून ५ मधून आत.
७. आतून परत ४ मधून बाहेर.
८. बाहेरून ३ मधून आत. पहिलं शेपूट तिथेच वाट बघत असतं.

आता दोन्ही शेपटं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि टाक्याला मिठीत घेऊन त्याच्यावर दुहेरी गाठ मारा. दीड सेंमी ठेवून दोरा कापा.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. २ आणि ४ या छिद्रांतून दोरा दोनदा जातो. दुसऱ्या वेळी सुई आधीच्या दोऱ्यातच घुसली की तो टाका पुढे कधी घट्ट होत नाही. म्हणून आधीचा दोरा बोटाने एका बाजूला ओढून धरा, मग सुई घाला. दुसरी चूक ओढण्याची. दोरा ताणताना घडीच्या रेषेत, वहीच्या लांबीला समांतर ओढा. काटकोनात ओढलात तर दोरा करवतीसारखा कागद कापत जातो आणि छिद्राची चीर होते. माझ्या पहिल्या वहीचं चौथं छिद्र असंच गेलं, तिथे अजून चिकटपट्टी आहे.

वही मिटल्यावर मधली पानं बाहेरच्यांपेक्षा जरा पुढे आलेली दिसतील. कागद एकात एक घातल्यावर ते होणारच. नव्या पात्याचा कटर आणि धातूची पट्टी घेऊन ती कड एकसारखी कापा. एकाच झटक्यात नाही, हलक्या हाताने आठदहा वेळा पातं फिरवत. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेपासून लांब ठेवा.

ओट्यावर वही न्यायची नाही

हे मी ठासून सांगते. तेलाचा एक थेंब पडला की त्या जागी जलरंग कधीच बसत नाही, रंग थेंबाथेंबांनी मागे सरतो. शिवाय शेगडीजवळ कागद उघडा ठेवणं हाच मुळात वेडेपणा. ओट्यावर न्यायच्या त्या चिठ्ठ्या. एक ए४ कागद तीनदा अर्धा दुमडा आणि घड्यांवर फाडा, ए७ आकाराचे आठ तुकडे मिळतात. ७४ बाय १०५ मिमी, तळहाताएवढे. त्यांवर फक्त पेन्सिलने टिपायचं : किती वाजता काय टाकलं, भांड्यात पाणी कुठवर होतं, फोडी कशा दिसत होत्या. पेन्सिल ओल्या हाताने फिसकटत नाही, म्हणून पेन्सिल. चिठ्ठी भरली की चिमट्याला लावून ठेवा, वहीत उतरवायचं काम जेवण झाल्यावर.

रंगाची पेटीही ओट्यापासून लांब, दारात किंवा खिडकीत असू द्या. ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर आजच सोडा, काही रंगद्रव्यं विषारी असतात. आणि ब्रश धुवायच्या पाण्याचं भांडं चहाच्या कपासारखं मुळीच नसावं. मी एकदा अल्ट्रामरीनचा, म्हणजे गडद निळ्या रंगाचा, ब्रश सरळ चहात बुडवला होता. चहा गेलाच, ब्रशलाही साखर लागली.

पहिलं पान : कांद्याची रंगपट्टी

सुरुवात यानेच करा. याला चित्रकला फारशी यावी लागत नाही आणि उपयोग लगेच होतो.

वहीच्या पानावर २ सेंमीचे दहा चौकोन पेन्सिलने आखा, पाच-पाचच्या दोन ओळी. खाली मिनिटं लिहा : ०, ५, १०, असं करत ४५ पर्यंत. तीन मध्यम कांदे सोलून देठाकडून मुळाकडे उभे पातळ चिरा. चिरताना आधाराच्या हाताची बोटं आत वळवा, म्हणजे पात्याला नखं लागत नाहीत, पेरं टेकतात. डोळ्यांत पाणी येतं ते पेशी फुटल्यावर सुटणाऱ्या एका वायूमुळे. धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात आणि गार कांद्यातून तो वायू कमी सुटतो, म्हणून कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तर फरक पडतो.

जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेल, आच मध्यमहून जरा कमी. कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. आता घड्याळाकडे लक्ष ठेवा आणि दर पाच मिनिटांनी एक फोड चमच्याने पांढऱ्या बशीत काढा. बशी पांढरीच हवी, स्टीलच्या ताटलीत रंग फसवतो. सगळ्या फोडी क्रमाने बशीत मांडत गेलात तर रंगवण्याचं काम नंतर सावकाश करता येतं. काढून ठेवलेली फोड मात्र वाळून जरा गडद होते, म्हणून निदान पेन्सिलची नोंद तिथल्या तिथे करा : ‘कडा पिवळी, मध्य काचेसारखा.’

काय दिसतं? पहिल्या पाच-सात मिनिटांत कांदा पांढरटपणा सोडून पारदर्शक होतो. पेशींमधल्या हवेच्या जागी रस भरतो आणि प्रकाश आरपार जायला लागतो. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं आणि इथेच अधीर माणसं आच वाढवतात. खरं तर तेव्हा पाणी आटत असतं. कांद्यात ९० टक्क्यांच्या जवळपास पाणी आहे आणि ते आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. तांबूस रंग आणणाऱ्या प्रक्रिया त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला, १४० अंशांच्या पुढे, जोर धरतात. म्हणून विसाव्या मिनिटापर्यंत संथ चाललेला कांदा पुढच्या दहा मिनिटांत भराभर रंग बदलतो. शेवटच्या टप्प्यात बुडाला चिकटलेला तपकिरी थर चमचाभर पाण्याने सोडवून घ्या, चव त्यातच असते. पाककृतींत ‘दहा मिनिटांत कांदा खमंग तपकिरी’ असं वाचलं की मला हसू येतं. मंद आचेवर त्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात.

रंगवायला तीन-चार रंग पुरतात : यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन आणि एखादा थंड, म्हणजे निळसर झाकेचा, गुलाबी. पहिल्या दोन चौकोनांत जवळजवळ सगळं पाणीच, ऑकरचा फक्त वास. मधल्या चौकोनांत ऑकर वाढवत न्या, तिथेच कुठेतरी गुलाबीचा कण टाका. शेवटच्या तिघांत बर्न्ट सिएना, आणि अगदी गडद हवा तर त्यात टोकभर अल्ट्रामरीन. हे दोन रंग मिसळले की छान गडद करडा-तपकिरी मिळतो, काळ्या रंगाची वडी लागत नाही.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना फोडीपेक्षा किंचित गडद दिसू द्या. दुसरं, पिवळ्या बल्बखाली रंग जुळवू नका. त्या उजेडात सगळेच कांदे ‘झाले’ वाटतात. बशी खिडकीशी न्या. रात्री स्वयंपाक केलात तर निदान पांढऱ्या दिव्याखाली बघा.

पट्टी वाळली की तुमच्या मते ‘गुलाबी’ कुठला, ‘सोनेरी’ कुठला, ते चौकोनांखाली लिहा. माझा गुलाबी तिसऱ्या चौकोनात आहे. माझ्या मैत्रिणीचा चौथ्यात, आणि त्यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं. तुमची आच, तुमचं भांडं, तुमचा कांदा यांची मिनिटं वेगळी येतील. दुसऱ्याची पट्टी म्हणूनच फार कामाची नाही.

दुसरं पान : चार अंडी

अंडं न खाणाऱ्यांनी हेच बटाट्यावर करून बघा, दर चार मिनिटांनी एक फोड काढून. पण अंड्याइतकं स्पष्ट काहीच दिसत नाही.

पाण्याला उकळी आली की चार अंडी चमच्याने अलगद सोडा. ६, ८, १० आणि १२ मिनिटांनी एकेक काढून लगेच बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. तसं केलं नाही तर अंडं आतल्या उष्णतेने शिजतच राहतं आणि सगळा हिशोब बिघडतो. सोलून झाल्यावर सुरी घेऊ नका. पिवळा बलक पात्याला चिकटून पांढऱ्यावर ओघळतो. शिवणाचा दोरा घ्या, मेण न लावलेला, स्वच्छ आणि सुती. अंड्याभोवती फास टाकून ओढा. काप इतका साफ येतो की कटरने कागद कापावा तसा.

सहा मिनिटांचा बलक ओघळतो, आठचा मुरंब्यासारखा दाट असतो, दहाला मध्यभागी थोडाच ओलसर डाग उरतो आणि बाराला सगळा फिका, भुसभुशीत. आणखी उकळत राहिलात तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांच्या संयोगाने ती होते. अपाय काही नाही, पण चित्रात मजेदार दिसते. मी मुद्दाम एक अंडं वाया घालवून ती कड रंगवली होती.

चारही अर्ध्या अंड्यांचं चित्र काढताना पहिली अडचण पांढऱ्याची. पांढरा रंग वापरायचाच नाही. कागदाचा पांढरा तोच अंड्याचा पांढरा. तुम्ही रंगवायची ती फक्त सावली, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा अगदी पाणीदार करडा, अंड्याच्या खालच्या कडेला आणि टेबलावर. सावली घातली की पांढरं आपोआप पुढे येतं. दुसरी अडचण डोळ्यांची. आपल्याला ‘अंडं’ म्हणजे काय ते ठाऊक असतं म्हणून बघण्याआधीच हात मधोमध गोल बलक काढून मोकळा होतो. नीट बघा, तो क्वचितच मधोमध असतो. एका बाजूला पांढरं जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखं पातळ. मी आधी बलकाभोवतीच्या पांढऱ्या जागेचा आकार काढते, चंद्रकोरीसारखा, आणि बलक त्यात आपसूक बसतो.

बाह्यरेषा पेनने काढणार असाल तर शाई पाण्यात टिकणारी हवी. रद्दी कागदावर रेघ ओढा, दोन मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. रेघ पसरली तर ते पेन रंगाच्या नंतर वापरायचं, आधी नाही.

चित्र रंगेपर्यंत अंडी गार होतील, ती खाऊन टाका. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, कलेसाठीसुद्धा नाही.

पूर्ण पाककृतीचं पान

पानाची मांडणी मी तीन भागांत करते, पण कधीकधी एखादा भाग सगळं पान खातो.

वर जिन्नस. त्यांची सुबक रांग काढायची गरज नाही. खरा प्रश्न असतो तो तुकड्याच्या आकाराचा. ‘बारीक चिरा’ म्हणजे काय, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून चिरलेली एक फोड पुसून कोरडी करा, चिठ्ठीवर ठेवा, पेन्सिलने भोवती रेघ मारा आणि वहीत ती खऱ्या मापाने उतरवा. गाजराची ५ मिमीची चकती ५ मिमीचीच. पुढच्या वेळी चिरताना फोड चित्राच्या मापाशी ताडून बघता येते.

मध्ये भांडं, उभं कापल्यासारखं. त्यात पाणी किंवा रस्सा कुठवर आहे त्याची रेघ, सुरुवातीची आणि शेवटची. ‘आटेपर्यंत’ हा शब्द या दोन रेघांनी कायमचा निकालात निघतो.

खाली वेळेची फीत. १ सेंमीला ५ मिनिटं धरा. ए५ पानाची रुंदी १४.८ सेंमी असते, म्हणजे १२ सेंमीत एक तासाचा स्वयंपाक मावतो. फितीवर जिथे जे पडतं त्याचं बोटाएवढं चित्र : इथे कांदा, इथे टोमॅटो, इथे झाकण. आच किती ते फितीच्या जाडीने दाखवा, मोठी आच जाड, मंद आच बारीक. पहिल्यांदा फीत काढली तेव्हा मला कळलं की माझ्या बहुतेक पदार्थांत मधली पंधरा-वीस मिनिटं मी नुसती उभी असते. चिठ्ठ्या भरायला नेमकी तीच वेळ हाती लागली.

मजकूर कमी लिहा. चित्रात दिसतं ते शब्दांत परत नको. लिहायचं ते वासाबद्दल आणि आवाजाबद्दल, कारण ते काढता येत नाही. ‘तडतड थांबली की पुढचं’ अशी ओळ दहा चित्रांचं काम करते.

पदार्थ फसला तरी पान सोडू नका. माझ्या वहीतलं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान करपलेल्या सूपचं आहे, त्यात भांड्याच्या बुडाचा काळा नकाशा हुबेहूब काढलाय. त्या नकाशावरून समजलं की माझी शेगडी डाव्या बाजूला जास्त तापते.

खळ : स्वयंपाकघरातच शिजणारा गोंद

चिठ्ठ्या वहीत चिकटवायला बाजारी गोंद चालतो, पण खळ घरी शिजवण्यात वेगळी गंमत आहे. मैदा १ भाग, पाणी ५ भाग. आधी मैद्यात थोडं गार पाणी घालून गुठळी न राहता पेस्ट करा, मग उरलेलं पाणी. सरळ गरम पाणी ओतलंत तर पिठाच्या प्रत्येक गोळीची बाहेरची साल लगेच शिजते आणि आत कोरडं पीठ कोंडलं जातं. गुठळी म्हणजे तेच. पांढऱ्या सॉसचं तंत्रही हेच, एक जमलं की दुसरं जमलं. मंद आचेवर सतत ढवळत राहा. ६० अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च फुगायला लागतो आणि दुधाळ पाणी एकाएकी घट्ट, काचेसारखं होतं. त्यानंतर दोन मिनिटं शिजवून उतरवा, गाळा, गार करा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेका.

ब्रशने पातळ थर द्यायचा. खळीच्या पाण्याने कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला ताणला जातो, म्हणून खळ लावून मिनिटभर थांबा, ताणू द्या, मगच चिकटवा. आणि पान वजनाखाली सुकू द्या, वर-खाली रद्दी कागद घालून, रात्रभर.

पहिली वही भरेपर्यंत सालं साठवा

पहिल्या वहीला साधा पुठ्ठाच पुरे. पण ती भरत असताना कांद्याची वरची वाळकी सालं एका कागदी पिशवीत टाकत जा. २४ पानं भरेतो पिशवी फुगते. मग एक जुनं भांडं घ्या, जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. सालं बुडतील इतकं पाणी घालून तासभर मंद उकळा, गाळा आणि गरम पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवा. तुरटीमुळे रंग धरतो आणि उजळतो. पिवळ्या सालींचा रंग सोनेरी-नारिंगी येतो, लाल सालींचा तपकिरीकडे, कधी हिरवटाकडे झुकतो. भांडं लोखंडी असेल तर सगळंच मळकट गडद होतं, हवं असेल तर मुद्दाम तसं करा.

१२० जीएसएमच्या कागदावर रुंद ब्रशने एक हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. वहीचा पांढरा दोराही त्याच पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मेण मात्र नंतर लावायचं, मेणावर रंग चढत नाही. रंगवलेला कागद सुकला की खळीने कार्डशीटवर चिकटवा, ग्रेन दोन्हींचा एकाच दिशेला, नाहीतर पुठ्ठा पन्हाळीसारखा वळतो. रात्रभर वजनाखाली ठेवा आणि सकाळी छिद्रं पाडायला घ्या.

हा रंग उन्हात उडतो. किती, ते बघायला एक पट्टी अर्धी झाकून दोन आठवडे खिडकीत ठेवली होती. उघडी बाजू माझ्या कांद्याच्या आठव्या चौकोनावरून पाचव्यावर आली. ती पट्टी आता दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.